रूटशिवाय ती थांबायची नाही

दवाखान्याचं काउंटर मी झोपेतही सांभाळू शकते! हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या ह्यांचा दवाखाना होता तेव्हा सव्वीस वर्षं मी दारापाशी बसून नंबर दिले. लाकडी पट्ट्या होत्या, त्यावर तांबड्या रंगात आकडे. पेशंट आला की पट्टी हातात, आत जाताना पट्टी परत. सव्वीस वर्षांत एक पट्टी हरवली, तीही एका लेकराने चघळली म्हणून. कोणाला खोकला आहे आणि कोण नुसता ऑफिसच्या रजेसाठी खोकतो आहे, हे मला पायरीवरच्या पावलांवरून कळायचं!

म्हणून लेकीच्या दाताच्या दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी आठवडाभर रजेवर गेली, तेव्हा मी पदर खोचूनच उभी राहिले.

"आई, पूर्वीसारखं राहिलं नाही आता," लेक म्हणाली. "सगळं मशीनवर आहे."

"मशीनला आहे का अनुभव सव्वीस वर्षांचा?"

लेकीने सुस्कारा सोडला. हा सुस्कारा तिने वडिलांकडून घेतला आहे. मग म्हणाली, "बरं. हा आठवडा काही गोंधळ न होता गेला, तर सकाळची खुर्ची कायमची तुझी. पण गोंधळ झाला तर पुन्हा विषय काढायचा नाही!"

माझं वय चौऱ्याहत्तर. ह्यांच्यामागे घरात सकाळ कशी जाते ते मलाच ठाऊक. पेपर सात वाजता संपतो, भाजी आठ वाजता चिरून होते, आणि मग दुपारपर्यंत भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडे बघतं आणि मी घड्याळाकडे. ती खुर्ची मला हवी होती. अगदी लहान मुलाला खिडकीची जागा हवी असते तशी हवी होती!

आता हे मशीन काय, ते सांगते. जावयांनी स्वतः बनवलंय. जावई एका मोठ्या ऑफिसात असलीच मशीनं सांभाळतात. दारापाशी बटण दाबलं की नंबरची चिठ्ठी बाहेर येते. आतला पेशंट उठला की छतातून एक बाई गोड आवाजात बोलते, "क्रमांक अमुक, कृपया आत यावे." ह्या बाईला चालवणारा डबा काउंटरखालच्या कपाटात असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. माझ्यासमोर पडदा, पडद्यावर 'नंबर सेवा: चालू', आणि खाली दोन बटणं. एक 'थांबवा', एक 'सुरू करा'. यात न समजण्यासारखं काय आहे?

सोमवार, मंगळवार, बुधवार लोण्यासारखे गेले. गुरुवारी साडेदहाला ती बया बिघडली.

आत सोळा नंबरची दाढ निघत होती. बाहेर सतरा नंबरचे मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून मरण डोळ्यांसमोर पाहिलेला माणूस, पण दाताच्या खुर्चीचं नाव काढलं की हातपाय गार! त्यांच्याशेजारी अठरा नंबरच्या वकीलबाई.

"क्रमांक सतरा, कृपया आत यावे."

मास्तर देवाचं नाव घेत उठले, आत गेले आणि लगेच बाहेर आले. "सोळा नंबर अजून उघड्या तोंडाने बसलेत!"

"क्रमांक सतरा, कृपया आत यावे."

मास्तर पुन्हा आत गेले. आतून लेकीचा आवाज आला, "बाहेर थांबा हो!"

"क्रमांक सतरा, कृपया आत यावे."

दर दहा सेकंदांनी! सासरी आलेल्या नव्या सुनेच्या नावाचा पुकारा केल्यासारखा! चौथ्या वेळी मास्तरांना घाम फुटला. "आजी, मला फक्त दात साफ करून घ्यायचेत. ही एवढी मागे का लागलीय?"

"बसा तुम्ही. आत्ता तिचं तोंड बंद करते," असं म्हणून मी 'थांबवा' दाबलं.

पडद्यावर आलं, 'सेवा थांबत आहे...'

मी वाट पाहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. 'सेवा थांबत आहे...' आणि वर बया आपली, "क्रमांक सतरा!" तुम्हाला तसले पाहुणे माहीत असतील. "निघते हं" म्हणतात, चपला घालतात, आणि मग उंबरठ्यात उभं राहून तासभर बोलतात. अगदी तसं! मी 'सुरू करा' दाबलं. म्हणे, 'सेवा थांबत असल्याने सुरू करता येत नाही.' पुन्हा 'थांबवा' दाबलं. म्हणे, 'सेवा आधीच थांबत आहे.' अगं पण थांब ना मग! मला आपलं सरळ उत्तर लागतं. हो म्हणा, नाही म्हणा. असं अधांतरी लटकत राहणं मी ह्यांचंसुद्धा चालवून घेतलं नव्हतं!

"वायर उपटा की," वकीलबाई म्हणाल्या.

"तीच तर चोरी! दातांचे फोटोही त्याच डब्यात असतात. वायरला हात लावायचा नाही, अशी तंबी आहे."

शेवटी जावयांना फोन लावला. दोन्ही हात बटणांवर हवेत, म्हणून फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. हीच पहिली चूक. दुसरी चूक जावयांची. ते मीटिंगमध्ये होते आणि कुजबुजत बोलत होते. कुजबुजणारा माणूस स्पीकरवर टाकला की तो काहीतरी भयंकर कट शिजवतोय असं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

"आई, काय झालं?"

"जावईबापू, तुमची ती बाई थांबत नाहीये."

जावयाला काही बोलता येत नाही, ही आपल्याकडची मोठी अडचण! मुलगा असता तर म्हटलं असतं, 'हे काय भिकार यंत्र माझ्या गळ्यात मारलंस?' इथे 'बापू' लावून राग गिळायचा!

"अडकली असेल," ते कुजबुजले. "आता ती अशी ऐकायची नाही. सरळ मारावं लागेल."

मास्तरांनी मान वर केली.

"मारावं लागेल?" मी विचारलं.

"हो. जबरदस्तीने. पण त्यासाठी रूट लागेल. रूटशिवाय ती थांबायची नाही."

दाताच्या दवाखान्यात बसून रूट म्हटलं की माणसाला एकच गोष्ट आठवते. दाढेच्या मुळापर्यंत सुई! मास्तरांनी दोन्ही हातांनी गाल धरले.

"रूट आत्ताच करायचं?" मी विचारलं. "तिची परवानगी नको घ्यायला?" तिची म्हणजे लेकीची. डॉक्टर ती आहे!

"परवानगी कशाला? एकदा रूटने आत शिरलं की कोणी अडवू शकत नाही. आई, तुम्ही आत्ता रूट आहात का?"

"मी? मी तुमची सासू आहे!"

"तसं नव्हे. बरं, आता सतरावर काय दाखवतंय?"

"सतरा समोरच बसलेत."

"मग त्यालाच मारा. एका फटक्यात. वेदना नाहीत, काही नाही."

ह्यावर क्रमांक सतरा उठले. मी पाहते तर दार हलत होतं आणि मास्तरांची एक चप्पल पायपुसण्यावर उलटी पडली होती. वर बया ओरडत होती, "क्रमांक सतरा, कृपया आत यावे!"

"पेशंट पळाला!" वकीलबाई म्हणाल्या. "आणि सांगून ठेवते, मी अठरा आहे. मला कोणी मारायला आलं तर मी नोटीस पाठवीन."

मग जावयांनी समजावून सांगितलं. रूट म्हणजे त्या डब्याचा मुख्य मालक. मालक म्हणून आत शिरलं की अडलेल्या कामाचा जीव घेता येतो. त्यातलं 'सतरा' म्हणजे फोनवर त्यांना ऐकू आलेल्या त्या नंबरची नुसती पडद्यावरची ओळ. हे आधी सांगायला काय झालं होतं? गावभर दाताची मुळं पसरलेली असताना मालकाला 'मूळ' म्हणायचं कोणी ठरवलं? 'मालक' म्हणा, 'यजमान' म्हणा! शब्द काय विकत आणावे लागतात?

"आता पासवर्ड टाका," जावई म्हणाले.

"सांगा ना."

"तो... तुम्ही हिला विचारा."

"हिच्या हातात लोकांची दाढ आहे! तुम्ही सांगा."

"आई, संध्याकाळी मी स्वतः येऊन—"

"क्रमांक सतरा, कृपया आत यावे!"

"जावईबापू!" मी म्हणाले. ह्या वेळी 'बापू' जरा दातांखालून निघालं.

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "लिहा. एस. ए. एस. यू."

मी टाइप केलं, पण पडद्यावर काही उमटेना. "जावईबापू, काहीच येत नाही!"

"येत नाही आई. पासवर्ड गुप्त असतो."

गुप्त! आणि सांगताहेत भर दवाखान्यात! काय टाइप केलं आणि काय राहिलं, मला पत्ता लागेना. मग वकीलबाईंनी पेन काढलं. "तुम्ही सांगा हो, मी चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेते. मग आजी बघून टाकतील."

"नको!" जावई केवढ्याने ओरडले! त्यांच्या मीटिंगमध्ये सगळे गप्प झाल्याचं इथपर्यंत ऐकू आलं. पण वकीलबाई कोणाचं ऐकतात? जावई एकेक अक्षर सांगत गेले, मरगळलेल्या नळातून थेंब पडावेत तसे. बी. ए. आय. एन. ए. के. ओ. टी. "आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं," ते पुटपुटले.

वकीलबाईंनी चिठ्ठी लांब धरली, चष्मा वर केला, आणि कोर्टात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं, "सासूबाई नकोत!!!"

सगळा दवाखाना शांत! बयासुद्धा नेमकी दोन हाकांच्या मधल्या दहा सेकंदांत होती.

गेली नऊ वर्षं त्या माणसाला मी पहिला घास वाढते! पोळी गार झाली तर बदलून देते! आणि हा माणूस रोज सकाळी डबा उघडताना माझ्या नावाने तीन उद्गारचिन्हं ठोकतो? एक पुरलं नसतं?

"आई," फोनमधून आवाज आला, "मी सांगतो—"

"काही सांगू नका. पुढचं बोला. कोणाला मारायचं आहे?"

त्यानंतर मी जे टाइप केलं ते अशा जोराने केलं, की कळफलक जागचा सरकला. के, आय, डबल एल, आणि पुढे कसलेसे आकडे. वरची बया "क्रमांक सत—" म्हणाली आणि गप्प झाली. मला खोटं बोलवत नाही, फार बरं वाटलं!

"आता 'सुरू करा' दाबा."

दाबलं. पडदा म्हणाला, 'सेवा आधीच चालू आहे.'

"मेली ना आत्ता? मग चालू कशी?"

"ती चालू असताना एक चिठ्ठी ठेवते, 'मी आत आहे' अशी. नीट थांबली की काढते. आपण मारली, त्यामुळे चिठ्ठी तशीच राहिली. ती पुसावी लागेल."

म्हणजे संडासात कोणी नाही आणि कडी आतून! मी चिठ्ठी पुसली, 'सुरू करा' दाबलं, आणि बया जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "क्रमांक सतरा, कृपया आत यावे." एकदाच.

आणि क्रमांक सतरा कुठे? समोर रस्त्याच्या कडेला, आपल्या शिकवणीच्या गाडीत, काचा वर करून, एका पायात चप्पल. मी त्यांची चप्पल नेऊन दिली, काच ठोठावली, शपथा घातल्या. पण घाबरलेला माणूस शपथ कुठे ऐकतो? "पुढच्या महिन्यात बघू," म्हणाले आणि चुकीचा गिअर टाकून मागे गेले.

परत आले तर लेक दारात उभी, हातमोजे काढत. वकीलबाईंनी तिला सगळी हकिगत सांगून टाकली होती, चिठ्ठीच्या पुराव्यासकट.

"झालं. गेली माझी खुर्ची," मी म्हणाले. "पण जाण्याआधी तुझ्या नवऱ्याला विचारणार आहे, नऊ वर्षांत माझं काय चुकलं?"

"त्यांना काही बोलू नकोस," लेक म्हणाली. तिने मान खाली घातली. "तो पासवर्ड मी ठेवलाय."

"तू? मग त्यात सासूबाई कुठून आल्या?"

"डबा रोज तेच उघडतात, म्हणून त्यांच्या बाजूने लिहिला. 'आई नको' लिहायला हात धजेना."

"अगं पण का?"

"का? गेल्या वर्षी तू दोन दिवस इथे बसलीस, आठवतं? दाढ काढायला आलेल्या माणसांना सांगत होतीस, 'कशाला काढता? मिठाच्या पाण्याने गुळण्या करा आणि आठवडाभर थांबा.' तीन पेशंट परत गेले, आई!"

दोन गेले होते. तिसऱ्याची मूळची तयारीच नव्हती. ह्यांच्या दवाखान्यात मी हेच सांगायची आणि हे हसायचे. लेकीला पोट भरायचंय, हे मला सुचलं नव्हतं.

लेकीने तोच वडिलांचा सुस्कारा सोडला. "सकाळची खुर्ची तुझी. ते मशीन तुझ्याखेरीज आज कोणी चालू केलं नसतं. पण औषध सांगायचं नाही!"

"आणि तो पासवर्ड बदलायचा," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

"बदल तूच."

मी खुर्चीत बसले. एकेक अक्षर जपून टाकलं, 'सासूबाई हव्यात'. उद्गारचिन्ह एकही नाही. प्रेमाने बोलताना ओरडायचं कशाला? पडद्यावर तांबडी पट्टी आली. 'पासवर्ड कमकुवत आहे. स्वीकारता येत नाही.'

मी लेकीकडे वळले. "जुना टाकलास तेव्हा काय म्हणालं होतं हे?"

लेक हातमोज्यांची घडी घालू लागली. वापरलेल्या हातमोज्यांची कोणी घडी घालतं का?

"बोल ना!"

"'अतिशय मजबूत'," ती म्हणाली.