घट नोंदवण्यासाठी रकाना नाही

दर वर्षीप्रमाणे वन्य सस्तन प्राण्यांची गणना शांततेत पार पडली आणि वनरक्षकाने अहवालात 'अकरा' असा आकडा लिहिला. आदल्या वर्षी चाळीस होते.

साहेबांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

"हे काय? एकोणतीस गेले कुठे?"

"कमी झाले, साहेब."

"कमी कसे होतील? फॉर्ममध्ये 'वाढ' आणि 'स्थिर' असे दोनच रकाने आहेत. घट नोंदवायला रकानाच नाही. याचा अर्थ, तुमचं निरीक्षण अपुरं आहे."

निरीक्षण वाढवायचं ठरलं. दोनशे कॅमेरे आले. ते बसवायला गाड्या आत जायला हव्यात, म्हणून रस्ते काढले. रस्त्यांसाठी झाडं काढली. वर्षभरात एका जंगलाची सहा जंगलं झाली. साहेबांनी कार्यालयाच्या भिंतीवर नवा नकाशा लावला. "बघा, आपल्याच कारकिर्दीत जंगलांची संख्या सहापट!"

त्या वर्षी वनरक्षकाला प्रत्यक्षात एकच प्राणी आढळला, एक भेकर मादी. मागचा डावा पाय ओढत चालायची. बावीस वर्षांच्या नोकरीत तिच्या आईलाही त्याने पाहिलं होतं. जोडीदार शोधत बिचारी सहाही तुकडे पालथे घालायची, त्यामुळे सहाही तुकड्यांतल्या कॅमेऱ्यांत आली.

"सहा भेकरं," साहेब म्हणाले.

"साहेब, एकच आहे ती. पाय बघा ना."

"पायाचा रकाना आहे का?"

नव्हता. सहा लिहिले गेले. एवढ्या घसघशीत संख्येची खातरजमा करायला वरून पाहणी पथक आलं. सहा भेकरं दुपारच्या आत बघून परतायचं म्हणून पथकाची जीप भरधाव निघाली आणि तिसऱ्या वळणावर सहाही भेकरं एकदमच तिच्याखाली आली.

वनरक्षकाने त्या मादीला रस्त्याच्या कडेला पुरलं. घरी आला तो जेवलाच नाही.

"अहो, दोन घास तरी खा," बायको म्हणाली. "उपाशी राहून ती परत येणार आहे का?"

"उद्या शून्य लिहिणार आहे मी."

"लिहा. खरं तेच लिहा."

त्याने ठळक शून्य लिहिलं. साहेबांनी दार लावून घेतलं.

"अहो, मोजायला काही नाही म्हटलं तर मोजणारे कशाला ठेवतील? तुम्ही, मी, दोनशे कॅमेरे, सगळ्यांचं दुकान बंद. कॅमेऱ्यांत काहीतरी आलंच असेल की!"

"आलंय ना. कॅमेरे पुसणारे, कॅमेरे पुसणाऱ्यांवर देखरेख करणारे आणि पाहणी पथक. तीनशे बारा माणसं."

हे तो चिडून बोलला होता. पण साहेबांचा चेहरा उजळला.

"माणूस सस्तनच ना?"

"आहे, पण..."

"मग पण कसला?"

अहवाल गेला: सस्तन प्राणी तीनशे बारा, प्रकृती धष्टपुष्ट, माणसांना अजिबात बुजत नाहीत. विभागाला ढाल मिळाली. एवढे प्राणी असलेलं जंगल लोकांना बघता यावं म्हणून फाटक बसवलं, वाहनतळासाठी सहापैकी दोन जंगलं सपाट केली आणि वनरक्षकाला फाटकावर बसवलं.

पहिल्याच रविवारी झुंबड उडाली. संध्याकाळी परत निघालेल्या एका बाईंनी त्याला विचारलं, "काका, गेल्या वर्षीपेक्षा प्राणी वाढलेत म्हणे?"

"तुम्ही किती जण आलात?"

"पाच."

"मग पाचाने वाढले."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, तरी बाई खळखळून हसल्या. मुलांना गाडीत बसवून त्यांनी अभिप्रायाची वही मागून घेतली आणि झोकदार अक्षरात लिहिलं, 'जंगल फार आवडलं. कसं मोकळं मोकळं वाटतं!'

पुढच्या रविवारपर्यंत त्याखाली दीडशे जणांनी 'सहमत' म्हणून सह्या केल्या होत्या. बघा, एखादी तुमचीही असेल.