सोमण काकांच्या बोटांचं क्वार्टर

आईबाप ऊसतोडीला जायचे. वर्षातले सहा महिने आम्ही फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत काढायचो, दप्तर दवानं भिजायचं. तिथून बीएस्सी करून बँकेत लागलेली घराण्यातली मी पहिली. लखनौला बदली झाली तेव्हा वाटलं, आता मला कशाचा धक्का बसणार? पहिल्याच आठवड्यात शेजारचे सोमण काका डोळ्यांना पट्टी बांधून माझं दार चाचपताना सापडले.

"अच्छा, तू होय. दाराला खाली चीर गेलीय बघ," ते शांतपणे म्हणाले.

काका रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर. सब्जीही पट्टी बांधूनच घ्यायचे. भाजीवाला भैया कळवळायचा, "अंकलजी, आलू है, नाड़ी क्या देख रहे हैं?"

शेवटी मी विचारलंच.

"बोटांना मोठं क्वार्टर मिळवून देतोय. मेंदू म्हणजे रेल्वे कॉलनी. ज्याचं काम वाढलं त्याला जादा खोली अलॉट. पण डोळे चालू असले की बोटांना चार्ज देत नाहीत."

"काका, प्राणिशास्त्र शिकलेय मी. साठीनंतर मेंदूत नवं काही होत नाही," मी ठणकावलं.

काकांनी पट्टी काढली. "आत ये," म्हणाले.

आत काकू मटार सोलत होत्या. तोवर मी त्यांचा नुसता आवाज ऐकलेला. मी समोर उभी, आणि त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "ऐकलंत? शिकलेली मुलगीही तेच म्हणतेय. उचला ते कागद."

साखरेच्या आजारानं त्यांची दृष्टी गेली होती. टेबलावर ब्रेलचे, उठावाच्या ठिपक्यांचे जाड कागद होते.

काका हळूच म्हणाले, "या वयात जमणार नाही म्हणते. म्हणून आधी मी शिकतोय. माझं डोकं तिच्याहून चार वर्षांनी जुनं आहे."

रविवारभर मी मेंदूवरचं वाचत बसले. चूक माझीच होती. सराव असेल तर म्हातारा मेंदूही बोटांना जागा करून देतो, फक्त वेळ लागतो. तसं काकूंना जाऊन सांगितलं. डिग्रीवालीला 'चुकले' म्हणायला फार जड गेलं.

"मग तूही बांध पट्टी," काकू म्हणाल्या.

आठ महिने आम्ही तिघं रोज संध्याकाळी बसलो. काकू आता अख्खं पान स्वतः वाचतात. काका तिसऱ्या ओळीवर आहेत. मी पहिल्या.