एकोणीस नमस्कारांची परतफेड

आलेल्या पत्राला आठ दिवसांच्या आत उत्तर, हा माझा चाळीस वर्षांचा नियम. छातीठोकपणे सांगावं असं माझ्याजवळ एवढं एकच आहे, म्हणून आधी सांगून टाकतो. दात दाखवायला या, अशी दवाखान्याकडून येणारी छापील पत्रं असतात ना? त्यांनासुद्धा मी 'आपले पत्र मिळाले, आभारी आहे' असं उलट कळवत आलो आहे.

नियम मोडला तो एकदाच. गिरीशच्या पत्राच्या वेळी.

गिरीश माझा मेव्हणा, श्यामलेचा धाकटा भाऊ. साताऱ्याला असतो. फोनवर मी नुसता 'हो, हो' करतो, म्हणून मला पत्रच लिहितो. मेच्या शेवटी त्याचं पत्र इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला आलं. 'भावोजी, कैलास-मानसरोवराच्या यात्रेत माझा नंबर लागला. दहा जुलैला दिल्लीहून निघायचं आणि लिपुलेख खिंड ओलांडून तिबेटात उतरायचं. सत्तरीपुढच्यांना घेत नाहीत आणि मला एकोणसत्तर चालू आहे, तेव्हा ही पहिली आणि शेवटची संधी. ताईची एखादी वस्तू पाठवा. लहान आणि हलकी. सरोवरापर्यंत नेतो.'

बहीणभावाचा बेत खरं तर २०२० सालचा. आमचे पासपोर्ट ब्रिटिश आणि लिपुलेखची वाट भारतीय पासपोर्टवाल्यांनाच खुली, म्हणून श्यामला नेपाळकडून जाणार होती, गिरीश लिपुलेखहून, आणि दोघं सरोवराकाठी भेटणार होती. तिने डोंगरात घालायचे भक्कम बूट घेतले. ते सैल व्हावेत म्हणून ती ते घालून पोळ्या करायची. नेसूची साडी, खाली गिर्यारोहकाचे बूट! पुढे साथ आली, यात्रा बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा श्यामला नव्हती.

आता तिचं काय पाठवायचं? चष्मा? एवढ्या लांब जाऊन तिला सरोवर नीट दिसायला हवं हे खरं, पण तो माझ्या उशाशी असतो. शाल जड. पाककृतींची वही पाठवली तर मी काय खाऊ? आठ दिवस गेले, मग पंधरा गेले. वस्तू ठरेना आणि वस्तूशिवाय उत्तर लिहिणं म्हणजे रिकामं पाकीट पाठवणं.

शेवटी बूट ठरले. पण हे ओझं गिरीशला त्या उंचीवर झेपेल का? मला प्रत्येक बाबतीत शंका येते आणि शंका आली की मी पुस्तकं आणतो. कैलासावरची सहा पुस्तकं ग्रंथालयातून आणली होती, ती परत करायचीच होती. ती सॅकमध्ये भरली, बूट बाहेरून लटकवले, गुडघ्यासाठी हातात काठी घेतली आणि प्रयोग म्हणून चालत निघालो. बसस्टॉपवर आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी मीनल भेटली. तिने सॅककडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, वरच्या पुस्तकावरचा कैलास पाहिला, आणि तिचे डोळे भरून आले. मी खुलाशासाठी तोंड उघडलं, तोवर तिची बस आली.

घरी येऊन पाहतो तर मंडळाच्या ग्रुपवर माझा पाठमोरा फोटो. खाली मजकूर: 'आपले मुरलीधरकाका श्यामलाकाकूंची इच्छा पूर्ण करायला कैलासला निघाले!'

मी ताबडतोब खुलासा लिहायला घेतला. पहिला मसुदा फार कोरडा वाटला, दुसऱ्यात मीनलला दोष दिल्यासारखं झालं, तिसऱ्याला तळटीपा लागल्या. तोपर्यंत एकशे बारा जणांनी हात जोडले होते. एकशे बारा जोडलेल्या हातांपुढे 'नाही हो' म्हणायला जे धैर्य लागतं, ते असतं तर मी ग्रंथालयात पुस्तकांना नंबर देण्याची नोकरी केली असती का?

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मिहीर उभा. हा नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये, आणि उरलेल्या वेळात धावतो. काकांची तयारी आपण करून घ्यायची, असं त्याने परस्पर ठरवलं होतं. कॉव्हेंट्री पोळपाटासारखं सपाट, म्हणून त्याने मला सात मजली कार पार्कच्या जिन्याने चढवलं, पाठीवर पाच किलो तूरडाळ देऊन. चौथ्या मजल्यावर मी त्याला खरं सांगणार होतो, पण बोलायला श्वासच नव्हता. त्याला वाटलं, माझा जप चालू आहे.

मग रविवारी हॉलमध्ये निरोपसमारंभ. जाहीरपणे सगळं सांगून टाकायचं म्हणून भाषण खिशात ठेवून गेलो. पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. यात्रेला निघालेल्याच्या पाया पडायचं. तो चालतो, पुण्य वाटून घेतलं जातं. एका हातात नारळ आला, दुसऱ्यात फुलं, खांद्यावर शाल, आणि खिसा गाठायला हातच उरला नाही. सुनीतीबाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांनी वॉकर बाजूला सारला आणि सावकाश, एकेक मणका मोजावा तशा वाकल्या. त्यांचं कपाळ माझ्या बुटाला लागलं. उठून त्यांनी खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली माझ्या हातात दिली. "आमच्या ह्यांना तिथलं पाणी पाजायचं राहिलं. फोटोपुढे ठेवीन."

एकोणीस जण पाया पडले. एकोणीस बाटल्या जमल्या.

तो किणकिणता गठ्ठा घेऊन घरी आलो तर पायरीवर अन्वी बसलेली. माझी नात, जन्मापासून इथलीच, केंब्रिजला संशोधन करते. बातमी तिच्यापर्यंतही पोचली होती. तिने मला बसवलं आणि म्हणाली, "आजोबा, तुझी वय चौऱ्याहत्तर. तुझा शुगर आहे. तुला कोण सोडणार?"

"कोणीच नाही," मी म्हणालो, आणि महिनाभरात पहिल्यांदा मला मोकळं वाटलं.

गिरीशचं पत्र तिच्यापुढे ठेवलं. देवनागरी ती बोट ठेवून वाचते. पुरता पाव तास लागला. मग म्हणाली, "पण हा तर तुझ्या जाण्याबद्दल नाहीच आहे. हा आजीच्या जाण्याबद्दल आहे. तू रिप्लाय का नाही दिला?"

मी सांगितलं, बूट तर जडच निघाले, आणि लहान आणि हलकं असं तिचं काही सापडलंच नाही.

अन्वीने कोपऱ्यातले बूट ओढून पायात घातले. नेमके बसले. श्यामलेचंच पाऊल! मग ती स्वयंपाकघरातून दाराशी आणि दारापासून ओट्याशी अशी चालली. तोच आवाज. मला उगीच वाटलं, आता पोळीचा वास येईल.

"नाड्या खूप लांब आहेत," ती खाली वाकून म्हणाली.

मी तिथेच टेबलाशी बसलो आणि कागद ओढला. ओढावाच लागला. बूट अन्वीला राहू देत, पण नाडी? नाडी लहान, नाडी हलकी. गिरीशने ती आपल्या बुटात ओवावी, म्हणजे ओझ्यात बसून नव्हे, चालत ओलांडेल ती लिपुलेख.

अन्वीने उजव्या बुटाची नाडी काढून दिली. म्हणाली, "आणि त्या लोकांना सांगून ये. आधी."

मंगळवारी सुनीतीबाईंकडे भजन असतं, आणि ही सगळी मंडळी तिथे येते. मी उभा राहिलो, भाषण विसरलो, आणि एवढंच म्हणालो की मी कुठेही जाणार नाही, कधी जाणारही नव्हतो. टाळ थांबले. मीनल गालिच्याकडे पाहू लागली. मिहीर हळूच म्हणाला, "आणि ती तूरडाळ?"

सुनीतीबाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं. "मुरलीधरपंत, मी वाकले होते त्याचं काय?"

मला त्याक्षणी एकच सुचलं. पुस्तक चुकून आलं तर परत करतात. मी त्यांच्यासमोर वाकलो आणि नमस्कार परत केला. त्या खूश झाल्या, पण मग उरलेले अठरा? ते सगळे माझ्यापेक्षा लहान. मी वाकायला गेलो की मागे उड्या मारायचे. मी मीनलला सोफ्याभोवती गाठलं, मिहीरला फ्रिजपाशी. तो "काका, पाप लागेल मला" म्हणत ओट्यावर चढून बसला. अकराव्या नमस्काराला माझ्या कमरेत अशी उसण भरली की मी काटकोनात राहिलो, आणि उरलेल्या आठांनी माझ्या पुढ्यात येऊन, मी वाकलेलाच आहे हे पाहून, आपापला नमस्कार मिळाला असं मानून घेतलं.

मग कोणीतरी हसलं. मला वाटतं सुनीतीबाईच. मीनलने गरम पाण्याची पिशवी आणली आणि ती माझ्या कमरेला धरून बसली. बाटल्या परत न्या, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. एकही नेली नाही कोणी. सुनीतीबाई म्हणाल्या, "तुमचा मेव्हणा जातोय ना? त्याला लिहा."

बुधवारी अन्वी मला धरून पोस्टात घेऊन गेली. दिल्लीला निघायला गिरीशला पंधरा दिवस उरले होते, म्हणून सगळ्यात लवकर पोचेल असं टपाल मागितलं. देशाबाहेर वस्तू पाठवताना पाकिटात काय आहे ते सांगावं लागतं.

"बुटाची नाडी," मी म्हणालो. "एक."

खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग अन्वीच्या पायांकडे. तिच्या उजव्या बुटाला स्वयंपाकघरातली सुतळी होती.

"वापरलेली?"

मला ओटा आठवला, तवा आठवला, साडीखालचे बूट आठवले.

"डोंगरावर अजून नाही," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.

उत्तर गेलं, माझा नियम उशिरा का होईना पाळला गेला. फक्त शेवटी एक ताजा कलम जोडावा लागला: 'गिरीश, येताना सरोवराचं पाणी आण. थोडंसंच. एकोणीस बाटल्या.' याला आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याचं काहीच चुकलं नाही, असं मी धरून चाललो आहे.