डाव्या बाजूचा आवाज

माझ्या प्रत्येक वाढदिवसाला, मी दात घासायच्या आत, दिगांबरकाका खांद्यावर टेपरेकॉर्डर आणि हातात माईक घेऊन दारात हजर असत. टेंभुर्णीत लग्नाकार्याला लाऊडस्पीकर लावणारे ते. शुभेच्छा वगैरे काही नाही. बटण दाबायचे आणि विचारायचे, "बोल सुनी, यंदा काय आवडतं?"

रंग, भाजी, खेळ, आवाज, सगळं सांगावं लागे. सहा वर्षांची असताना मी आवडता आवाज 'गिरणीचा' आणि आवडता प्राणी 'हेडमास्तर' सांगितला. काका हसले नाहीत. "आणखी?" म्हणाले. पुढच्या वर्षी गिरणीऐवजी एसटीचा हॉर्न सांगितला, तर उलटतपासणी सुरू झाली. "गिरणी कामून सोडली? बराबर सांग. बदललं तर बदललं, पर कारण लागंल."

माझं उत्तर झालं की ते माईक माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेपुढे धरत आणि मान तिरकी करून ऐकत. मग म्हणत, "हां, बराबर." माझ्या डाव्या कानाला उगाच गार वाटे.

"काका, तिकडं कोण हाये?"

"कोण न्हाई. डाव्या बाजूचा आवाज अलग घ्यावा लागतो. स्टेरिओ म्हणतात त्याला."

त्यांच्या टेपला स्पीकर एकच होता.

आई त्यांना खिरीच्या दोन वाट्या देई. एक ते खात, दुसरी झाकून घरी नेत. मी काही विचारलं की आई म्हणे, "नेऊ दे," आणि चुलीकडे वळे.

पुढे मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिलीच पदवी. चारचौघांत बोलायची भीती काकांच्या माईकनंच घालवली होती, म्हणून पहिला पेढा त्यांच्याकडे नेला. माझा वाढदिवस होऊन आठवडा झाला होता. दार नुसतं लोटलेलं. आतून माझाच आवाज येत होता, "यंदा निळा रंग." मग कॅसेटची खरखर, आणि मग काका, "आयकलं ना, मुक्ता? यंदा निळा."

भिंतीवर तीनेक वर्षांच्या मुलीचा फोटो होता. खाली पाटावर खिरीची वाटी, निळ्या बांगड्या आणि चपला. त्या फोटोतल्या मुलीच्या नव्हे, माझ्या मापाच्या.

काकूंनी मला हलकेच ओसरीवर आणलं. "आमची मुक्ता. तुझ्याहून आठ दिवसांनी ल्हान. तापात गेल्ती. तू वाढत गेली, तशी ह्यांनी तिलाबी वाढवली. आता तू नोकरीला जाशील, मंग ती हाये तिथंच थांबंल, म्हणून भेऊन राह्यलेत."

यंदा मी अंबडला शिक्षिका आहे. वाढदिवसाच्या दिवशी मधल्या सुट्टीत काका शाळेच्या फाटकात उभे दिसले. टेप मांडीवर घेऊन एसटीनं आले होते. मी लिंबाखालच्या बाकावर बसले. त्यांनी बटण दाबलं.

"बोल सुनी, यंदा काय आवडतं?"

जांभळा रंग सांगितला, मेथीची भाजी सांगितली, आवाज सांगितला शाळेच्या घंटेचा. कारणंही सांगितली. "बराबर," काका म्हणाले, आणि माईक डावीकडे नेऊन मान तिरकी केली.

माझ्या डाव्या कानाला गार वाटलं. मी बाकावर थोडी उजवीकडे सरकून जागा केली.