शेवटचा थेंब आणि साडेतीन व्होल्ट

फणसवाडीतल्या चिंतामणी ओगल्यांच्या घरात कुठलीही वस्तू सुखासुखी संपत नसे. टूथपेस्टची ट्यूब आधी लाटण्याखाली जाई, मग कात्रीखाली, आणि एवढ्यावरही तिची सुटका होईलच असं नसे. तेव्हा मुलीच्या, म्हणजे मनवाच्या, साखरपुड्याच्या आदल्या दुपारी आनंदीबाईंनी नवऱ्याला समोर बसवून बजावलं, "उद्या काही वाचवायचं नाही, पुरवायचं नाही, पुसून घ्यायचं नाही. व्याह्यांसमोर शोभा नको."

"मी काय करणार आहे?" म्हणत चिंतामणी उठले आणि करायला काही मिळतंय का ते बघू लागले.

मिळालं. टेबलावर मुलाच्या, हेरंबच्या, ड्रोनच्या दोन बॅटऱ्या होत्या. उद्या ह्या ड्रोनने अंगठी घेऊन हॉलभर उडत स्टेजवर जायचं आणि नवऱ्या मुलाने, ध्रुवने, ती सोडवून मनवाच्या बोटात घालायची, असा मुलांचा बेत होता. अंगठीही साधीसुधी नव्हे, ध्रुवच्या आजीची, हिऱ्याची. तिसरी बॅटरी ड्रोनमध्ये घालून हेरंब हॉलवर तालमीला गेला होता. चिंतामणींनी ह्या दोघींना मीटर लावून पाहिला. निम्म्याच भरलेल्या!

अर्धवट बॅटरी चार्जिंगला लावली की तिला तशीच सवय लागते, आधी ती पुरती उतरवावी, हे ज्ञान त्यांनी फार वर्षांपूर्वी दाढीच्या एका मशीनकडून मिळवलं होतं आणि इतर वस्तूंप्रमाणे तेही अजून संपवलं नव्हतं. त्यांनी जुन्या स्कूटरच्या इंडिकेटरचा दिवा शोधला, वायरी जोडल्या आणि पार विझेपर्यंत त्याच्याकडे कौतुकाने बघत बसले. मग दुसरी बॅटरी लावली.

संध्याकाळी हेरंबने चार्जर लावला. चार्जरने लाल डोळा दाखवला आणि टीं टीं करून साफ नकार दिला.

"बाबा, ह्यांना कोणी हात लावला?"

"हात कसला? नीट उतरवून ठेवल्यात. आता भर पोटभर!"

हेरंबने चार्जरची पिन उपटली. "अहो, ह्या लिथियम पॉलिमर आहेत! वापरायच्या नसल्या की मी मुद्दाम निम्म्या ठेवतो. उडवताना एकेक सेल साडेतीन व्होल्टवर आला की बझर वाजतो, मुकाट खाली उतरायचं. तीनच्या खाली गेला की सेल कामातून गेला. वर जबरदस्तीने चार्ज केला तर फुगतो, पेटतोसुद्धा."

"म्हणजे उरलेलं तसंच सोडायचं? पानात टाकून उठायचं?"

"हो! ह्या पानात टाकूनच उठायचं असतं!"

दोन्ही बॅटऱ्या वाळू भरलेल्या जुन्या कुंडीत ठेवून गॅलरीत गेल्या. आनंदीबाई फक्त म्हणाल्या, "तो दिवा फेकून द्या."

"फेकतो," चिंतामणी म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. पोरीच्या आनंदाच्या तीन भागांतले दोन आपण स्कूटरच्या दिव्यात जाळले, ह्या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. साडेतीन हा आकडा मात्र त्यांनी मनाशी घट्ट बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. उरलेली एकुलती बॅटरी हेरंबने काठोकाठ भरली होती. सॅटिनच्या रिबिनीला सुरगाठीत अंगठी लटकवून ड्रोन उडाला, टाळ्या पडल्या आणि तो स्टेजपाशी पोचणार तेवढ्यात फोटोग्राफर विनीत ओरडला, "दादा, मागे घे ना जरा! फ्रेममध्ये मामा आले!"

ड्रोन मागे गेला. मामा हलले. मग मावशी आल्या. "दादा, लास्ट! परत एकदा, पार मागनं ये!" ड्रोन पार मागे, जेवणाच्या टेबलांवर जाऊन थांबला, आणि बझर वाजू लागला.

"साडेतीन!" चिंतामणी भर हॉलमध्ये गरजले. "हेरंब, उतरव!"

"बाबा, स्टेज गाठतो, दहा सेकंद..."

"एक सेकंद नाही! अजिबात नाही! पानात टाकून ऊठ!" आणि त्यांनी हेरंबचं कोपरच धरलं. ड्रोन डुलला आणि समोरच्या टेबलावर धप्पकन बसला. दत्ताराम आचाऱ्याने मोठ्या पातेल्यावरचं झाकण नुकतंच काढलं होतं.

हेरंबने धावत जाऊन ड्रोन उचलला. रिबिनीची गाठ सुटली होती. अंगठी नव्हती.

कोणी टेबलाखाली वाकलं, कोणी सतरंज्या उचलल्या. मनवाचे डोळे भरून आले. ध्रुवची आई, सुचित्राताई, अंगठीची रिकामी डबी उघडून मिटत होत्या आणि तेच जास्त भीतीचं होतं. चिंतामणींनी रिबिनीचं ओलं टोक बोटावर घेतलं आणि चाखलं.

"केशर," ते म्हणाले. "श्रीखंडात आहे."

दत्तारामने मोठा डाव हातात घेतला आणि चाळवत चाळवत सगळं श्रीखंड दुसऱ्या पातेल्यात काढलं. अंगठी दिसली नाही. ते परत पहिल्यासारखं चाळवत तिसऱ्यात काढलं. तरी नाही.

"काका, संपलं. काय नाय त्याच्यात," दत्ताराम म्हणाला आणि पहिलं पातेलं पोराकडे घासायला सरकवलं.

चिंतामणींनी ते अर्ध्यात अडवलं. आत डोकावले. त्यांचा चेहरा पार बदलला.

"ह्याला संपलं म्हणतात?"

त्यांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. कालचं सगळं बजावणं त्या एका नजरेत होतं. आनंदीबाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली: घ्या पुसून.

चिंतामणींनी रेशमी झब्ब्याच्या बाह्या सारल्या, पातेलं तिरकं धरलं आणि उलथन्याने कडेकडेने निघाले. आयुष्यभराचा सराव होता तो. जिथे दत्तारामला काही दिसत नव्हतं तिथून वाटी भरली, दुसरी भरली. तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या खाचेत शेवटी बोट फिरवलं आणि ते बोट वर आलं ते अंगठी घालूनच.

टाळ्या पडल्या. अंगठी धुतली गेली, ध्रुवने ती चालत जाऊन मनवाला घातली आणि विनीतला फोटो पहिल्याच खेपेत मिळाला. सुचित्राताई मात्र त्या दोन वाट्यांकडे बघत राहिल्या होत्या. "आनंदीताई," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे तुपाचा डबा असतो, त्याच्यासाठी ह्यांना एकदा पाठवा हो."

पंगती उठल्यावर हेरंब ड्रोन आवरत होता. चिंतामणी शेजारी येऊन उभे राहिले.

"किती उरलीय रे?"

"तीन पॉइंट सहा. उडणं थांबलं की जरा वर चढते. आहे अजून थोडी."

"आहे ना?" चिंतामणींचा आवाज हळवा झाला. "ती... तशीच ठेवायची?"

"तशीच, बाबा."

आनंदीबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी तळहात पुढे केला. चिंतामणींनी एक सुस्कारा सोडला, झब्ब्याच्या खिशात हात घातला आणि स्कूटरचा दिवा काढून त्यांच्या हातावर ठेवला.