पाच वतनदार आणि सातवे प्रकरण

॥ श्री ॥ बुद्धीचा दाता गजानन, वाणीची स्वामिनी शारदा, आणि फळ्याच्या डाव्या कोपऱ्यावरील आजचा सुविचार, या तिघांसी दंडवत करोन वृत्तांत लिहावयास घेतला. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावणमासी गुरुवारी सातव्या तासास जे अघटित घडले ते आपण विचारिले, म्हणोन डोळ्यांनी देखिले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही. लिहिणार कोण हे पुसू नये. राज्याचे नावही पुसू नये. इतुके कळावे की इयत्ता सातवी म्हणोन राज्य, प्रजा तीस, आणि गादीवर निकमबाई. त्या गुरुवारची गोष्टच निराळी. ऐसे कधी ऐकिले नव्हते, आणि देखिले तर मुळीच नव्हते.

बाईंचा स्वभाव बहुत मायाळू, परंतु मागे कामाचा ससेमिरा. वरून रोज नवी माहिती मागवीत, आणि बाई ती मोबाइलवर भरीत, आणि भरून होते तो दुसरी मागवीत. तशातही बाईंच्या मनी आले की प्रजेने पुस्तके वाचावी, आणि वाचून गप्प न बसता आपापसात त्यावर बोलावे. मग आषाढाच्याही आधी तीस जणांचे सहा गट केले, आणि गटागटास एकेका पुस्तकाच्या पाच पाच प्रती दिल्या, आणि गटातील पाच जणांस पाच कामे नेमिली, आणि कामाच्या नावाची पट्टी लाल दोऱ्यात ओवून ज्याच्या त्याच्या गळ्यात घातली. प्रश्नकर्त्याने प्रश्न काढावे, आणि सारांशकाराने प्रकरण थोडक्यात सांगावे, आणि शब्दशोधकाने अवघड शब्दांचे अर्थ आणावे, आणि दुवेकऱ्याने गोष्टीचा दुवा आपल्या जगण्याशी जोडावा, आणि चित्रकाराने प्रकरणाचे चित्र काढावे, ऐसा बंदोबस्त. आणि बाईंची आज्ञा जाहाली की, "दर गुरुवारी एक प्रकरण. आणि दर गुरुवारी पट्ट्या उजवीकडे सरकवायच्या. प्रत्येकाला प्रत्येक काम आलं पाहिजे. आणि पुस्तक मात्र सगळ्यांनी सगळं वाचायचं, बरं का!" प्रजा एका सुरात "हो बाई" म्हणाली. आता 'हो बाई' म्हणणे म्हणजे ऐकणे नव्हे, हे इतकी वर्षे राज्य करून बाईंस ठाऊक असावयास हवे होते.

खिडकीपाशी तिसरा गट बसे, त्याची ही हकीकत. त्याच्या पुस्तकात नदीकाठचे गाव, आणि केरबा म्हणोन नावाडी, आणि त्याची लेक रखमा, ऐसी कथा होती. दोन गुरुवार पट्ट्या शिस्तीने सरकल्या. तिसऱ्या गुरुवारी मधल्या सुटीत पाण्याच्या टाकीपाशी मसलत भरली. प्रश्नकर्त्याची पट्टी त्या दिवशी शार्दूल जाचक याच्या गळ्यात होती. तो म्हणाला, "मला प्रश्न मस्त जमतात, बाई पण म्हणाल्या. मग कशाला बदलायचं?" मैथिली सबनीस म्हणाली, "मला सारांशच राहू दे. माझ्या आईने पट्टीला लॅमिनेशन करून आणलंय." अयान मुलाणी म्हणाला, "घरी शब्दकोश माझ्याकडे आहे, म्हणजे शब्द माझे." आणि तेजल गुंजाळ म्हणाली, "दुवा माझा. आणि मी शाळा सोडली ना, तर माझी चुलतबहीण येणारे, तिला देऊन जाणार." हे ऐकोन मी थक्क जाहालो. काम एका आठवड्याचे, आणि वारस नेमून मोकळी! पाचवी चैत्राली कुदळे. तिच्या गळ्यात चित्रकाराची पट्टी होती. ती म्हणाली, "पण मला प्रश्नवाली पाहिजे. एकदा तरी." तेव्हा शार्दूल म्हणाला, "अगं, तुझं चित्र किती भारी येतं! तुझ्यासारखं कुणालाच नाही येत." बाकीच्यांनीही माना डोलावल्या, आणि बिचारी हरभऱ्याच्या झाडावर चढली. बाईंनी पट्ट्या जागच्या जागी पाहिल्या, परंतु केंद्रावरचे साहेब पाहणीस येणार ऐसा निरोप त्याच दिवशी आला होता, म्हणोन बाई म्हणाल्या, "जमतंय ना तुमचं? मग असू दे." येणेप्रमाणे कामाचे वतन जाहाले.

वतन जाहाले की वतनदार आपल्या बांधापलीकडे पाहत नाही. आता जे लिहितो ते मागाहून एकेकाच्या कबुलीतून निघाले, आधी कोणास याचा गंधही नव्हता. शार्दूलच्या ध्यानी आले की 'लेखकाला काय सांगायचं आहे' आणि 'तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं' हे प्रश्न कोणत्याही प्रकरणास चालतात, मग त्याने पुस्तक उघडणेच सोडिले. मैथिली पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद वाची, आणि मधले मनाने जोडी. अयान पानावरून बोट फिरवी आणि जिथे जोडाक्षर अडखळवी तो शब्द उचली. तेजल प्रकरणाचे नाव तेवढे पाही, आणि नाव काहीही असो, दुवा फिरोन फिरोन मामाच्या पोल्ट्रीपाशी जाऊन पोहोचे. एक चैत्राली मात्र अक्षर न् अक्षर वाची, कारण होडीत कोण कोणत्या अंगास बसले, वल्हे कोणाच्या हाती, आभाळ कैसे, हे न वाचता चित्र काढावे कैसे? पाच वतनदारांत पुस्तक वाचणारी एक, आणि तिला बोलण्याचे काम नाही! हाय हाय, काय हा न्याय!

मग सातवा गुरुवार जवळ आला. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी केरबा नावाडी चढत्या पाण्यात होडी घालितो, पैलतीरी अडकलेल्या लेकुरवाळीस आणावयास. चैत्रालीने घाईघाईने चौसष्टावे पान उलटिले, तो पुढे पान एकोणपन्नास! पुन्हा तेच पाचवे प्रकरण, तेच सहावे, तेच चौसष्टावे पान, आणि त्यापुढे एकदम एक्याऐंशी. तेथे आठवे प्रकरण चालू, आणि रखमा एकटी होडी वल्हवीत आहे, आणि बापाचे नाव कोठे नाही. सातवे प्रकरण पुस्तकातच नाही! बांधणाऱ्याने सोळा पानांचा एक जुडगा दोनदा घातला आणि एक विसरला. पोरीस वाटले, आपलीच प्रत खोटी. बुधवारी ती शार्दूलकडे गेली आणि म्हणाली, "मला एक विचारायचंय. केरबाचं काय झालं?" तो म्हणाला, "ए, प्रश्न विचारायचं काम माझं आहे. तू चित्र काढ." मग मैथिलीकडे पुस्तक मागितले, ती म्हणाली, "नको ना, कव्हर घातलंय नवं." तेजल म्हणाली, "पाणी काढ, निळा रंग फास, झालं. महापूर तर आहे. अनुक्रमणिकेत लिहिलंय." चैत्राली म्हणाली, "पण होडीत कोण होतं तेच माहीत नाही. कसं काढू?" आणि इकडे बाईंनी ताकीद दिली होती की, "उद्या साहेब येणार. ज्याचं काम अपूर्ण असेल त्याने गटात बसायचं नाही, मागच्या भिंतीपाशी बसायचं." म्हणजे पोरीपुढे दोनच वाटा. खोटे पाणी रंगवावे, नाहीतर सर्वांदेखत भिंतीपाशी जावे.

गुरुवारी सातव्या तासास साहेब आले. बाईंनी खुर्ची पुढे केली, आणि साहेब खिडकीचा वारा पाहोन नेमके तिसऱ्या गटापाशी विराजमान जाहाले, आणि म्हणाले, "हं, चालू द्या." मग जे चालले ते काय वर्णावे! शार्दूल उभा राहोन म्हणाला, "महापूर आला तेव्हा गावकऱ्यांना काय वाटलं असेल?" मैथिलीने सारांश सांगितला की महापूर आला, सर्वांची धावपळ जाहाली, एकमेकांस मदत केली, आणि शेवटी महापूर ओसरला. अयानने 'ओसरणे', 'प्रलय' आणि 'हाहाकार' यांचे अर्थ सांगितले. तेजलने मामाच्या पोल्ट्रीत गुडघाभर पाणी शिरल्याचे ऐसे सांगितले की साहेबांचे डोळे पाणावले. जे प्रकरण नाही, त्यावर चांगली वीस मिनिटे चर्चा रंगली! साहेब म्हणाले, "वा, बाई! याला म्हणतात वाचन." आणि टाळ्या जाहाल्या. प्रस्तुत लेखकानेही टाळ्या वाजविल्या, खोटे कशास सांगावे. मग साहेबांची नजर चैत्रालीच्या कागदावर गेली. कागद कोरा. बाईंचा चेहरा उतरला, आणि बाई म्हणाल्या, "चैत्राली, हे काय? काम अपूर्ण? जा, मागे बस." पोर उठली, दोन पावले गेली, आणि वळली. गळ्यातील पट्टी मुठीत घट्ट धरोन म्हणाली, "बाई, माझ्या पुस्तकात सातवं प्रकरण नाहीच आहे."

शार्दूल हसला आणि म्हणाला, "काहीतरीच काय! आत्ताच तर झालं." साहेबांनी हात पुढे केला आणि त्याचेच पुस्तक घेतले, आणि पाने उलटिली, आणि थांबले, आणि पुन्हा उलटिली. मग मैथिलीचे घेतले, मग अयानचे, मग तेजलचे. चारी प्रतींत पान चौसष्ट, पुढे एकोणपन्नास. साहेब हळूच म्हणाले, "मग मघाशी तुम्ही बोललात ते कशावर?" शार्दूल पट्टीचा लाल दोरा बोटास गुंडाळू लागला. साहेब बाईंकडे वळले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या नाही लक्षात आलं?" येथे जे घडले ते सर्वांहून अघटित. बाई दुसरे काहीही सांगत्या तरी निभावते. परंतु बाईंनी टेबलास हात टेकिला आणि सर्व प्रजेसमक्ष बोलल्या, "मी वाचलेलं नाही, साहेब. सहापैकी दोनच वाचून झालीत. हे नाही." राजाने दरबारी ऐसे म्हणावे! तीस जणांनी तोंडात बोटे घातली. साहेब म्हणाले, "मीही टाळ्या वाजवल्याच की." मग बाई चैत्रालीपाशी गेल्या, तिच्या गळ्यातील पट्टी आपल्या हाताने काढिली, आणि म्हणाल्या, "तुला काय विचारायचं होतं, बाळ?" चैत्राली म्हणाली, "केरबा बुडाला का?" आणि त्या दरबारी, सुभ्याच्या धन्यापासून शेवटच्या बाकापर्यंत, उत्तर देणारे कोणी नव्हते. मला लाज वाटली, ती अजून वाटते.

पुढे छापखान्यास पत्र गेले की सोळा पाने धाडणे. बाईंनी रविवारी घरी बसोन पुस्तक पुरे केले. शार्दूलने पहिल्या पानापासून वाचिले, आणि सोमवारी येऊन चैत्रालीवरच चिडला की, "त्याचं काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही! मला झोप येईना काल." आठव्या गुरुवारी कोणाच्या गळ्यात काही नव्हते. चैत्राली म्हणाली, "माझ्या मते केरबा जिवंत आहे. पान ब्याऐंशी बघा. रखमा घोंगडं धुऊन दोरीवर वाळत घालते. नाव नाही, पण पहिल्या प्रकरणातलं त्याचंच ते. मेलेल्या माणसाचं कुणी धुऊन ठेवतं का? देऊन टाकतात." पाची प्रती एकदम उघडल्या. घोंगडे होते. ब्याऐंशीव्या पानी, तळाच्या ओळीत, इतके दिवस दोरीवर होते, आणि चौघांपैकी कोणी त्यास पाहिले नव्हते. अयान म्हणाला, "अरे खरंच की! म्हणजे आहे तो." शार्दूलचा चेहरा उजळला. बाईही हसल्या. तोच तेजल, जी प्रत्येक वेळी हात वर करोन बोले, ती खाली पाहोन अगदी हळू म्हणाली, "आमच्या आजोबांचा सदरा आजी अजून धुते. ते जाऊन चार वर्षं झाली." ही तेजल आम्हांस ठाऊकच नव्हती. चैत्रालीने तिच्याकडे पाहिले, मग पुस्तकाकडे पाहिले, आणि ब्याऐंशीवे पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचावयास घेतले. घंटा जाहाली, तरी खिडकीपाशी कोणी उठले नाही.

येणेप्रमाणे हकीकत. पाच वतने बुडाली, वाचणारी एक होती ती सहा जाहाली, बाई धरून. छापखान्याचे उत्तर नाही. नावाडी आहे की गेला, यावर राज्यात दोन तट पडले आहेत, आणि शार्दूल जाचक रोज तट बदलितो. जाणिजे.