गद्रे गुरुजी आणि एका वेळी एक

गद्रे गुरुजी वडापाव खात नाहीत. ते वडा खातात, आणि तो संपला की पाव मागतात. दिघीच्या जेट्टीवरच्या टपरीवाल्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, पावात काही निघालं असावं. तसं काही नव्हतं. "एका वेळी एक," गुरुजी म्हणाले आणि कोरडा पाव चावत खाडीकडे बघत बसले. चटणी राहिली होती. ती त्यांनी सगळ्यात शेवटी मागितली आणि नुसती चाटली.

अशा माणसाबरोबर दोन शिक्षकांची शाळा चालवणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. मी मुख्याध्यापिका. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी गुरुजींकडे, आणि मधे प्लायवूडची भिंत. त्या भिंतीपलीकडून मला दिवसभर ऐकू यायचं, "दप्तर उघड." मग शांतता. इतकी शांतता, की माझी चौथीची मुलं माना वळवून भिंतीकडे बघायची. मग, "आता वही."

माझी पद्धत सरळ आहे. "चला, वह्या काढा, तारीख घाला, समास आखा, फळ्यावरचं उतरवा, बोलू नका." एका दमात. ज्याला जमतं त्याला जमतं, ज्याला जमत नाही तो शेजारच्याचं बघतो.

गुरुजींना हे खूळ लागलं ते दुर्वामुळे. दुर्वा दुसरीतली, कोळीवाड्यातली. आई सुकी मासळी विकते. मुलगी मठ्ठ नव्हती. गोष्ट सांगितली तर शब्दन् शब्द परत सांगायची. पण वही काढ म्हटलं की दप्तरात हात घालणार, हाताला पट्टी लागणार, मग पट्टीच्या कडेवरून बोट फिरवत बसणार. वही नावाची वस्तू जगात आहे हेच ती विसरायची. एकदा ती शाळेत वेळेवर आली, जागेवर बसली, आणि दप्तर घरीच राहिलंय हे तिला दुपारच्या खिचडीनंतर कळलं.

माझ्या मते याला औषध एकच, कान उपटणे. गुरुजींनी मात्र तिचं दप्तर जमिनीवर पालथं केलं. त्यातून खोडरबराचे पाच तुकडे, एका पायाचा मोजा, सुक्या बोंबलाची शेपटी आणि पहिलीचं प्रगतिपत्रक निघालं. पालकांची सही अजून बाकी होती. गुरुजी ऐवज सापडल्यासारखे खूश झाले.

दुसऱ्या दिवशी ते होडीला लावतात तो निळा रंग घेऊन आले आणि तिच्या बाकावर पेन्सिलीची, रबराची, वहीची आकृती काढली. जिथली वस्तू तिथे ठेवायची.

"गुरुजी, हे बाक सरकारी सामान आहे, जडसंग्रह नोंदवहीत आहे," मी म्हटलं.

"असू दे की," ते म्हणाले. "आता पेन्सिलसुद्धा कुठेतरी आहे."

मग दाराशी चार चित्रं लागली. चप्पल काढ, दप्तर ठेव, पाणी पी, बस. गुरुजींचा चित्रकलेशी काही संबंध नाही. बसलेली मुलगी उकडलेल्या बटाट्यासारखी दिसत होती. पण दुर्वा रोज दारात उभी राहून ती चार चित्रं बोटाने मोजायची आणि गुरुजी शेजारी उभे राहून वाट बघायचे. एकदा मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. बाकीची मुलं तेवढ्या वेळात एकमेकांना चिमटे काढत होती.

हे सगळं दुर्वापुरतं राहिलं असतं तर मी बोलले नसते. पण गुरुजी माझ्याशीही तसंच वागायला लागले. "बाई, हजेरीपट." मी द्यायची. ते बघायचे, मिटायचे, मग, "बाई, पेन." एकदा मी वैतागून म्हटलं, "दोन्ही एकदम मागा ना." ते म्हणाले, "सवय मोडते. मग तिच्याशी बोलताना घोळ होतो."

केंद्रप्रमुख शाळा बघायला आले तेव्हा तर हद्द झाली. साहेबांनी नेमकी दुर्वाच निवडली. "बाळ, उठ, मराठीचं पुस्तक घे, बाविसावं पान काढ आणि वाचून दाखव." दुर्वा उठली आणि तशीच उभी राहिली. साहेबांनी तेच मोठ्याने सांगितलं. ती छताकडे बघायला लागली.

गुरुजी म्हणाले, "साहेब, तुम्ही चार कामं सांगितलीत. तीन परत घ्या."

साहेबांनी परत काही घेतलं नाही. जाताना माझ्या शेरेबुकात शेरा मात्र दिला. गुरुजी म्हणाले, शेरा छान आहे, सुटसुटीत आहे. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

दिवाळीच्या आधी दुर्वाची आई आली. टोपली बाहेर ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, हिला घरीच ठेवते. शाळेत बसून हिच्या डोक्यात काय जात न्हाय. घरी निदान मासळी तरी राखंल."

असं करता येत नाही, हे मी तिला सांगितलं, पण माझ्या आवाजात जोर नव्हता. खरं सांगायचं तर मलाही मनातून ते पटत होतं. गुरुजी भिंतीपलीकडून आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "परीक्षेपर्यंत थांबा," ते म्हणाले. "हात जोडतो तुम्हाला." आणि त्यांनी खरंच हात जोडले. ती बाई गोंधळली आणि बरं म्हणून गेली.

नेमक्या परीक्षेच्या दिवशी गुरुजींना सणकून ताप आला. मधलं दार उघडून मी दोन्ही वर्गांवर उभी राहिले. सवयीप्रमाणे सगळ्या सूचना एका दमात दिल्या. दुर्वा चित्रं मोजून आत आली, निळ्या आकृतीवर पेन्सिल ठेवली, आणि तेवढ्यात खाडीत फेरीबोटीचा भोंगा वाजला. ती उठली आणि खिडकीकडे निघाली.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण ती मधेच थांबली. तिचे ओठ हलत होते. "आता काय? आता बसायचं." ती परत आली. "आता पेन्सिल. पेन्सिल हाय. आता पहिलं गणित."

दहातली सहा गणितं तिने सोडवली. त्यातली दोन चुकली. चारांना वेळ पुरला नाही. पण शेजारी कुणीही उभं नव्हतं.

शाळा सुटताना तिची आई आली. मी पेपर दाखवला. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला. "एकटीनं केलं?"

"माझ्यासमोर."

"मग येऊ दे तिला," ती म्हणाली, आणि पोरीच्या केसांवरून एकदा हात फिरवून निघाली.

मी पेपर घेऊन गुरुजींच्या खोलीवर गेले. सुपारीच्या वाडीत मागच्या बाजूला त्यांची एकट्याची खोली आहे. ते गोधडी पांघरून पडले होते. पेपर त्यांनी किती वेळ तरी बघितला. मी झालेलं सगळं सांगितलं.

"स्वतःशी बोलत होती?" त्यांनी विचारलं. "कुठल्या आवाजात?"

"म्हणजे?"

त्यांनी पेपर छातीवर ठेवला. "आमचा मुलगा, निनाद, असाच होता. दुर्वासारखा. मी त्याला व्हरांड्यात उभा करायचो. 'गाढवा, डोकं कुठे ठेवून आलास?' रोज. आता तो न्हावा शेव्याला असतो, चांगल्या नोकरीत. माझ्याशी फारसा बोलत नाही. सूनबाईचा फोन आला होता. चावी सापडेना की तो एकटाच घरभर फिरतो म्हणे, आणि स्वतःलाच म्हणतो, 'गाढवा, डोकं कुठे ठेवून आलास?' म्हणाली, बाबा, आवाज अगदी तुमचा काढतो. तिला ती गंमत वाटली."

माझ्याकडून वीस वर्षांत किती मुलं शिकून गेली, ते माझ्या मनात आलं. ती आता कुठे कुठे असतील, काही हरवलं की काय पुटपुटत असतील.

"रागावत नव्हती," मी म्हटलं. "हळू बोलत होती. एक झालं की थांबायची, मग पुढचं."

गुरुजींनी मान हलवली. डोळे मिटले आणि पेपर उशीखाली सरकवला. तो कार्यालयात जमा करायचा असतो. मी मागितला नाही.